आगगाडीभर पाणी, दहा गुंठे ऊस

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची आगगाडी लातूरच्या स्थानकात येऊन उभी राहिली. दहा वाघिणी आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. पुढे आठवडाभरात पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली आणि एका खेपेला २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. सुमारे ३४० किलोमीटरची वाट तुडवून कृष्णाकाठचे पाणी मांजरेच्या खोऱ्यात येत होते. ‘जलदूत’ असे तिचे नाव ठेवले होते. नाव ठेवणाऱ्याला कालिदास आठवला असावा. यक्षाचा मेघ निदान निरोप तरी घेऊन गेला. आमच्याकडे त्या सालापर्यंत मेघांनीच पाठ फिरवली होती, म्हणून लोखंडाच्या रुळांवरून दूत मागवावा लागला.

ती गाडी साऱ्या देशाने दूरदर्शन संचावर पाहिली. त्याआधी मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून लातुरात १४४ कलम लागू झाले होते, तेही सगळ्यांनी वाचले. औसा लातूरपासून वीस किलोमीटरवर. आमच्या गल्लीतही तेव्हा दारोदारी रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या घागरींच्या रांगा होत्या. घागर फुटली की ती भंगारवाल्याच्या पोत्यात जायची आणि नवी यायची. त्या उन्हाळ्यात पाण्याखालोखाल खप कशाचा झाला असेल तर तो घागरींचा, असे मला अजून वाटते.

पण आज सांगायचे आहे ते त्या गाडीच्या हिशेबाविषयी. हा हिशेब कोणालाही घरबसल्या मांडता येतो. पाटपाण्यावर किंवा मोकाट पाण्यावर घेतलेल्या एक हेक्टर उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत साधारण दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. अडीच कोटी धरले तर २५ लाख लिटर म्हणजे त्याचा दहावा भाग. हेक्टराचा दहावा भाग म्हणजे दहा गुंठे. पन्नास वाघिणींची ती अख्खी गाडी, तिची धुलाई, तिचे इंजिन, तिचे स्वागत, हारतुरे आणि छायाचित्रे, हे सारे मिळून दहा गुंठे उसाचे एका हंगामाचे पाणी झाले. ऑगस्टपर्यंत गाडीच्या जेवढ्या खेपा झाल्या त्यांतून सुमारे २५ कोटी लिटर पाणी आले. त्यावर पंचवीस एकर ऊस निघाला असता. आणि जिल्ह्यात उसाखालचे क्षेत्र हजारो हेक्टरांत मोजावे लागते.

हीच गोष्ट स्वयंपाकघरात आणून पाहावी. हेक्टरी ऐंशी टन ऊस आणि दहा टक्के उतारा धरला तर आठ टन साखर झाली. तिच्यामागे दोन कोटी लिटर पाणी मोजले, तरी एका किलोला अडीच हजार लिटर पडते. चहाच्या एका कपात आपण दहा ग्रॅम साखर घालतो. म्हणजे पंचवीस लिटर पाणी, हंडाभर आणि वर एक कळशी. पाहुण्याला ‘चहा तरी घ्या’ म्हणून आग्रह करताना आपण केवढे यजमान असतो याची आपल्याला कल्पनाच नसते!

यात गंमत अशी, की पाण्याची काटकसर आम्हाला कोणी शिकवावी अशी परिस्थिती कधीच नव्हती. दात घासताना नळ बंद ठेवा, हे सांगायला नळ सुरू असावा लागतो. आमच्या आजीच्या घरी एकच पाणी तीन कामांना यायचे. भाजी धुतलेले पाणी म्हशीच्या आंबोणात जायचे. भांडी चुलीतल्या राखेने घासली जात, त्यामुळे विसळायला पाणी कमी लागे आणि ते विसळलेले पाणी न्हाणीमागच्या अळूला व केळीला सोडले जाई. दुष्काळाच्या उन्हाळ्यात तर बाजेवर बसून आंघोळ करायची आणि बाजेखाली घमेले ठेवायचे. त्या घमेल्यातल्या पाण्यात धुणे, आणि धुण्याचे पाणी अंगणात सड्याला. जुन्या लुगड्याची वाकळ, शेणामातीचा उकिरडा, उकिरड्याचे खत पुन्हा रानात. याला मोठे नाव द्यायला कोणी बसले नव्हते. पुरवून वापरायचे, एवढेच ते होते. त्याचे फार कौतुक करण्यातही अर्थ नाही, कारण ती काटकसर बहुतेक बायकांच्या कमरेवर आणि डोक्यावर उभी होती. पाणी कोणी आणायचे, हे ज्या घरात ठरलेले असते त्या घरात पाणी जपून वापरा म्हणणे सोपे जाते.

पाणी जपण्याची जाण आमच्या गावात केवढी जुनी आहे हे पाहायचे तर औशाच्या किल्ल्यात जावे. बहामनी काळापासूनचा हा भुईकोट. तो उंचावर नाही, उलट खोलगट जागेत बसवला आहे, भोवती खंदक आहे. आत विहिरी आणि बावड्या आहेत. पण सगळ्यांत नवलाची वस्तू म्हणजे तिथला पाणीमहाल. जमिनीखाली कमानींवर तोललेले मोठे दालन, आणि त्या दालनाचे छत म्हणजे वरचा पाण्याचा हौद! वरती पाणी साठलेले आणि खाली माणसे गारव्याला बसलेली. एकाच पाण्याकडून दोन कामे करून घेण्याची ही युक्ती आमच्या आजीच्या घमेल्यापेक्षा फार वेगळी नाही. फरक एवढाच की ती राजेरजवाड्यांची होती.

छताचाच विषय निघाला म्हणून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात औसा तालुक्यातले किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या भिंतींनी आणि माळवदांनी माणसे गाडली. त्यानंतर आमच्या भागातल्या माणसाला मातीच्या छताखाली झोप येईना. ऐपत असो नसो, स्लॅब पडले. या स्लॅबचा उन्हाळ्यातला ताप सगळे सोसतात, पण त्याचा पावसाळ्यातला उपयोग फार थोडे करतात. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर ६५ हजार लिटर पाणी पडते. वाया जाणारे वजा केले तरी पन्नास हजार लिटर सहज हाती लागते. पन्नास हजार लिटर म्हणजे किती? त्या जलदूताची बरोबर एक वाघीण. मिरजेहून आणायची गरज नाही. ती दरवर्षी आपल्या डोक्यावर येऊन गटारीतून निघून जाते. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी ५५ लिटर धरले, तर पाच माणसांच्या घराला ती सहा महिने पुरते. सगळे पाणी टाकीत साठवायला जागा आणि पैसा लागतो हे खरे, पण पन्हाळीचे पाणी गाळून आपल्याच विहिरीत किंवा बोअरजवळच्या खड्ड्यात सोडायला तेवढा खर्च येत नाही.

सांडपाण्याचे काय करता येते ते पाहायला शेजारच्या नांदेड जिल्ह्यात जावे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेतले. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा; मधे भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. घरातले सांडपाणी टाकीत येते, गाळ तळाशी बसतो आणि पाणी दगडांतून जमिनीत मुरते. उघडी गटार उरली नाही, त्यामुळे डास गेले. पुढे नांदेड जिल्हा परिषदेने हे काम गावोगावी नेले. या कामात मला आवडते ते हे, की लोकांना प्रत्यक्ष डासांपासून सुटका मिळाली. भूजल वाढते म्हणून कोणी पहाटे उठून खड्डा खणत नाही, पोराला हिवताप होऊ नये म्हणून खणतो.

तर घर असे, आणि रान? हंड्याचा हिशेब थेंबाथेंबाने ठेवणारे आम्ही रानाच्या पाण्याचा हिशेब मोटारीच्या बटणापाशी सोडून देतो. विहीर आटली की बोअर, दोनशे फुटांना लागले नाही की चारशे, आणि दुष्काळात सातशे-आठशे फुटांपर्यंत. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल नव्या विहिरींना मनाई केलेली आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. बोअरच्या गाड्या तालुक्यात कशा फिरतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या कायद्याविषयी वेगळे सांगायला नको. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ सालीच कमी पावसाच्या प्रदेशातल्या उसाला आवर घालण्याविषयी बजावले होते. २०१७ साली मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. ठिबकने पाणी बरेच वाचते हे खरेच. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लागतो, हेही आम्ही पाहतो.

वास्तविक या काळ्या मातीची स्वतःची पिके होती. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर येते. करडई तर सोटमूळ खोल सोडून पाणी शोधते, काटेरी असल्याने गुरेही तिच्या वाटेला जात नाहीत. तूर आहे, हरभरा आहे. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर या आमच्या जिल्ह्याच्या मालाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिन्हींपैकी एकालाही रेल्वेने पाणी आणावे लागत नाही. औसा तालुक्यातल्याच लोदग्याहून पाशा पटेल बांबूचा प्रचार करीत गावोगाव फिरतात. त्यांच्याशी सगळ्या बाबतींत सहमत व्हायलाच हवे असे नाही, पण उसाशिवाय दुसरे काही असू शकते हे कोणीतरी मोठ्याने बोलतो आहे, हेही नसे थोडके.

मग लोक ऊस का लावतात? हा प्रश्न शहरात बसून विचारला की त्याला ‘लोभ’ हे उत्तर पटकन सुचते. माझे एक मामा तालुक्यातच राहतात, त्यांचा तीन एकर ऊस आहे. गेल्या दिवाळीत मी त्यांच्यासमोर विषय काढला. ते म्हणाले, “भाचेबुवा, ऊस हाय म्हणून कारखाना माझ्या दारात येतो. सोयाबीन घेतलं की मला आडत्याच्या दारात जावं लागतंय.” यात अर्थशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. २०२४-२५ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात ते चार हजारांच्या आसपास जात होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने रब्बी झोडपून काढली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. ऊस आडवा पडतो, पण सहसा मरत नाही. कमी पावसात मरणारे आणि जास्त पावसातही मरणारे पीक घ्या, असे आम्ही शेतकऱ्याला सांगतो आणि वर भावाची हमी कागदावर ठेवतो. एकट्याने ऊस सोडला तर शेजारच्याची मोटार तेच पाणी उपसते, ही तिसरी अडचण.

या तिसऱ्या अडचणीवर तोड निघाल्याचे एक गाव सर्वांना ठाऊक आहे. आपल्याहून पाऊस कमी असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरेबाजार. पोपटराव पवारांच्या त्या गावात पावसाळा संपला की पडलेला पाऊस मांडतात, प्यायला किती, जनावरांना किती, रानाला किती उरले हे ग्रामसभेत ठरते, आणि मग कोणते पीक किती घ्यायचे ते ठरते. ऊस-केळीला बंदी आणि शेतीच्या बोअरला बंदी. गावाने मिळून ठरवले म्हणून ते चालले. एकट्यादुकट्याला जमले नसते. आमच्याकडे पाऊस मंडळनिहाय मोजला जातो, त्याचे आकडे अतिवृष्टीच्या अनुदानासाठी आम्ही अगदी तोंडपाठ करतो. तेच आकडे ऑक्टोबरात चावडीच्या फळ्यावर लिहून, खाली पिण्याच्या पाण्याची वजाबाकी करून दाखवायला खडूशिवाय काही लागत नाही.

मामांना मी आगगाडीचा हिशेब सांगितला. त्यांनी तो बोटांवर पुन्हा करून पाहिला. “दहा गुंठ्याला एक रेल्वे. म्हणजी माझ्या तीन एकराला बारा.” थोडा वेळ ते गप्प बसले. मग हसून म्हणाले, “स्टेशन माझ्याच रानात पाहिजे होतं की.” मामी आतून म्हणाल्या, “आन् मी त्या साली दोन घागरींसाठी रात्रभर टँकरची वाट पाहत बसले होते.” यावर मामा काही बोलले नाहीत.

निघताना त्यांनी बांधापर्यंत सोबत केली. उसाच्या कडेला एक पट्टा रिकामा नांगरून ठेवला होता. तिथे यंदा करडई पेरून पाहतो म्हणाले, घाण्याचे तेल घरापुरते तरी होईल. किती पट्टा आहे, मी विचारले.

“असेल दहा गुंठे,” ते म्हणाले.