दुखणे थांबले, पण खांदा बरा झाला का?

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस सर्वांत कठीण, असा बहुतेकांचा समज असतो. वेदनेच्या बाबतीत तो खरा आहे. पण फसगत होते ती दीड-दोन महिन्यांनी. गळ्यातली झोळी निघालेली असते, ठणका ओसरलेला असतो आणि पाण्याची बादली सहज उचलावीशी वाटते. जोडलेला टेंडन मात्र तोवर हाडाशी पुरता एकजीव झालेला नसतो.

दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या उथळ खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या समूहाला 'रोटेटर कफ' म्हणतात. त्यातील फाटलेला टेंडन शल्यविशारद टाक्यांनी हाडाशी बांधतात. टाके केवळ धरून ठेवतात, सांधण्याचे काम शरीरालाच करावे लागते. म्हणून साधारणतः चार ते सहा आठवडे झोळी, त्यानंतर हळूहळू स्वतःच्या बळावर हालचाल आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास ताकदीचे व्यायाम, असा क्रम असतो. फाटलेला भाग मोठा असल्यास हा काळ लांबतो. टेंडन न जोडता केवळ आतली जागा मोकळी केली असल्यास तो बराच कमी होतो. त्यामुळे शेजाऱ्याचे वेळापत्रक आपल्याला लागू पडेलच असे नाही.

परवानगी मिळाल्यावरही सुरुवात वजनाने करू नये. शस्त्रक्रिया झालेला खांदा भिंतीकडे येईल असे उभे राहावे. कोपर काटकोनात वाकवून कमरेलगत ठेवावे आणि मध्ये टॉवेलची गुंडाळी धरावी. मनगटाची बाहेरची बाजू भिंतीवर हलकेच दाबून पाच अंक मोजावेत व सोडावे. असे दहा वेळा करावे. यात हात जागचा हलत नाही, तरी स्नायू काम करतो. जोर अगदी थोडाच हवा. दात आवळावे लागले तर तो जास्त झाला असे समजावे.

हे सोसू लागले की दाराच्या कडीला सैल रबरी पट्टी बांधून, कोपर तसेच ठेवून हात बाहेर न्यावा. परत आणताना घाई करू नये. पट्टीला अडवत सावकाश परतण्यातच निम्मा व्यायाम आहे. दोन्ही खवाटे मागे जवळ आणण्याचा व्यायामही सोबत करावा. खांदे कानांकडे उचलले जात असतील, तर भलतेच स्नायू राबत आहेत.

व्यायामानंतर थोडी ओढ जाणवणे स्वाभाविक आहे. पण झोपमोड झाली, किंवा दुसऱ्या दिवशीही दुखत राहिले, तर जोर कमी करून फिजिओथेरपिस्टला सांगावे. कट्कन आवाज होऊन हात उचलेनासा झाला, ताप आला किंवा जखमेतून स्राव येऊ लागला, तर शल्यविशारदांना त्वरित भेटावे.

खरा धोका अनेकदा व्यायामात नसून घरात आणि प्रवासात असतो. त्या हाताने रेटून खुर्चीतून उठणे, वरच्या फळीवरचा भरलेला डबा काढणे, लोकलच्या गर्दीत त्याच हाताने कडी धरणे या गोष्टी परवानगी मिळेपर्यंत टाळाव्यात. क्रिकेटची गोलंदाजी किंवा टेनिस तर सहसा सहा महिन्यांच्या आत नाहीच.