कष्ट, रांग आणि जागा

कष्टाने माणूस वर येतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. परंतु त्यावरून जेव्हा असा निष्कर्ष काढला जातो की, जो वर आला नाही त्याने कष्टच केले नाहीत, तेव्हा थांबून विचार करावयास हवा. पहिले विधान अनुभवाचे आहे. दुसरे मात्र तर्काला धरून नाही. ते का नाही, हे आम्ही येथे मुंबईच्या गिरणी कामगाराच्या उदाहरणावरून पाहणार आहोत.

हे उदाहरण आपल्या भागाला परके नाही. शेलू, नेरळ, कर्जत या वाटेने रेल्वे १८५६ साली खोपोलीपर्यंत आली, आणि त्याच सुमारास मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी चालू झाली. पुढे १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२२ साली भिवपुरीच्या वीजगृहाची तीत भर पडली. आपल्या घाटातले पाणी गिरणीचे चाक फिरवीत होते, आणि कोकणातली व घाटावरची माणसे त्या चाकापाशी उभी होती.

गिरणीत नवा आलेला माणूस प्रथम ‘बदली’ असे. कोणी कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी एका पाळीचे काम मिळावयाचे. त्यासाठी पहाटे गिरणीच्या फाटकाशी रांग लावावी लागे. आता समजा, फाटकाशी पन्नास माणसे आहेत आणि आत जागा दहा आहेत. जो लवकर उठतो, जो हुशार आहे, त्याचा नंबर आधी लागेल. येथे कष्टाचा उपयोग आहेच. परंतु पन्नासही जण मध्यरात्री येऊन उभे राहिले, तरी चाळीस जण परत जाणारच. कष्टाने रांगेतला नंबर ठरतो. आत जागा किती, हे कष्टाने ठरत नाही. वैयक्तिक प्रयत्न आणि समाजाची आर्थिक रचना यांविषयीचा सारा वाद एवढ्या एका भेदात सामावला आहे, असे आम्हांस वाटते.

शिवाय रांगही सर्वांना सारखी नव्हती. विणकाम खात्यात मजुरी अधिक. पण धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्याचे दार बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. त्या कामगाराच्या अंगी कसब नव्हते काय? होते, पण दारच बंद असेल तर कसब दाखवावयाचे कोठे?

बदलीचा कायम झाला की मात्र पायाखाली काही टणक लागे. १९४८ चा राज्य विमा कायदा व १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा यांचा आधार त्याला मिळे. बोनस, भरपगारी रजा, आजारपणात औषध, म्हातारपणी चार पैसे. मग मुलाला रात्रशाळेऐवजी दिवसाच्या शाळेत घालता येई, आणि साचेवाल्याचा मुलगा कारकून किंवा शिक्षक होई. यात त्या घराचे कष्ट होतेच; पण त्या कष्टांना बूड मिळाले होते ते अनेक वर्षांच्या चळवळींनी मिळवलेल्या कायद्यांमुळे.

हे बूड कसे सुटले? १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप केला. तो रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले नाही. पुष्कळजण सारा दोष संपाला देतात. संपाने घाव घातला, हे खरे. पण यंत्रे जुनी झाली होती, कापडाचा धंदा त्याआधीच यंत्रमागांकडे वळत होता, आणि पुढे गिरणीच्या कापडापेक्षा गिरणीच्या जमिनीला मोल आले. १९९१ च्या नियमावलीने त्या जमिनीची मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे व मालक यांत वाटणी सांगितली. २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली.

काम गेलेले अनेक विणकर भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. हात तेच, कसब तेच, आणि तासांचा हिशेब केला तर कष्ट अधिकच. पण मजुरी कापडाच्या मापावर, आणि कायम नोकरीचे छत्र नाही. माणूस बदलला नव्हता. त्याच्या भोवतीची व्यवस्था बदलली होती. तरीही तो खाली आला.

याच्या उलट उदाहरणही गिरणगावातच आहे. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया पहाटेपासून चुलीपुढे राबत, आणि कमाईचा मोठा वाटा सावकाराच्या व्याजात जाई. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, आणि गटाच्या जामिनावर या बायांना बँकेचे कमी व्याजाचे कर्ज मिळू लागले. चूल तीच, पोळ्या त्याच. पण आता उरलेला पैसा घरात राहू लागला. म्हणून कष्ट व्यर्थ, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. व्याजाचा दर उतरला, तेव्हाच त्या कष्टांचे फळ दिसले.

आता शेलूकडे वळू. घरासाठी अर्ज केलेले गिरणी कामगार व वारस सुमारे पावणेदोन लाख. त्यांपैकी सुमारे ८१ हजारांसाठी शासनाने शेलू व वांगणी येथे घरांची योजना आखली. कामगारांच्या संघटनांनी मुंबईतच घर हवे म्हणून विरोध केला. ९ जुलै २०२५ रोजी ते आझाद मैदानावर जमले. श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, स्वस्तात घर मिळते तर कुरकुर कशाला? येथील हवा चांगली, माणसे चांगली! दोन्ही खरे आहे. पण शेलू मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटर. कामगाराच्या नातवाला काम मुंबईत लागले, तर रोजचे चार तास गाडीत. ते कष्टच आहेत. परंतु त्यांची मजुरी कोणी देत नाही. त्या तासांत दुसऱ्या गावचा मुलगा एखादा अभ्यासक्रम पुरा करील, आणि मग आपण म्हणू, पाहा, याने प्रयत्न केले, त्याने केले नाहीत.

म्हणून घरांची संख्या मोजताना आपण आणखी काही विचारले पाहिजे. येथे वस्ती वाढली तर पाणी कोठून येणार? गाड्या किती वाढणार? शेलू-कर्जत-खोपोलीच्या परिसरात विमा व निधी असलेले काम किती जणांना मिळणार, आणि ज्यांची गावे येथे आधीपासून आहेत त्यांचा त्यात वाटा किती? मुलाला ‘लवकर ऊठ, नीट शीक’ असे सांगणे हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे काम आहे, आणि ते त्यांनी करावे. पण फाटकाच्या आत जागा किती, हे विचारणे एकट्या मुलाला झेपणारे नाही. ते नगरपरिषदेत, ग्रामसभेत आणि मतदान करताना आपण सर्वांनी मिळून विचारावयाचे आहे.