घरातले मत्स्यालय – लेखांक ९ : फायटरची वीण

मुंबई-पुण्यातल्या मत्स्यालयांच्या दुकानांत छोट्या बरण्यांतून एकेकटा ठेवलेला, लांब झालरीसारख्या परांचा फायटर हा मूळचा थायलंडचा मासा. मध्य थायलंडमधील चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातली भातखाचरे, दलदली आणि गवताने भरलेले संथ ओहोळ हे त्याचे नैसर्गिक घर. ब्रिटिश म्युझियममधील मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रेगन यांनी १९१० मध्ये त्याला ‘बेट्टा स्प्लेन्डेन्स’ हे शास्त्रीय नाव दिले. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. खाचरातला रानटी नर आखूड परांचा आणि मळकट तपकिरी-हिरवट रंगाचा असतो. आज दिसणारे लाल, निळे, पांढरे आणि तांबूस-सोनेरी फायटर निवडक पैदाशीतून आले आहेत. जनुकीय अभ्यासांनुसार माणसाने हा मासा पाळायला लागून किमान ४०० वर्षे झाली. पैदाशीचा पहिला हेतू झुंजीचा होता, रंगरूपाचा शौक नंतर वाढला.

गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे थेट पिल्ले देतात. फायटरची मादी अंडी घालते आणि पुढचे सगळे संगोपन नर करतो. मिलन घडवून आणणे फारसे अवघड नाही. वीण फसते ती बहुतेक वेळा नंतरच्या तीन-चार आठवड्यांत, पिल्लांना योग्य आकाराचे खाद्य वेळेवर न मिळाल्यामुळे. म्हणून या माशाच्या विणीची तयारी शेवटाकडून सुरू करावी लागते. आधी पिल्लांचे खाद्य, मग टाकी आणि सर्वांत शेवटी जोडी.

हवेतला श्वास आणि फेसाचे घरटे

उथळ, तापलेल्या आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्याने भरलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. अशा पाण्यात तगण्यासाठी फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा एक खास अवयव असतो. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. मासा पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि या घड्यांमधल्या रक्तवाहिन्या त्यातला प्राणवायू शोषतात. गुरामी याच कुळातला. आपल्याकडच्या नदी-तळ्यांतली मरळही अशीच वर येऊन हवा घेते, मात्र तिच्या अवयवाची रचना वेगळी असते. कल्ले शाबूत असले तरी फायटरला हवेचा घोट लागतोच. पृष्ठभागाशी जाण्याची वाट बंद झाली, तर तो गुदमरून मरू शकतो.

अंड्यांना मात्र असा अवयव नसतो. प्राणवायू कमी असलेल्या गाळात ती पडून राहिली तर सडतील. नर त्यांना पाण्याच्या सर्वांत वरच्या थरात, हवेला लागून ठेवतो. तोंडात हवा घेऊन, तिला लाळेचे आवरण देऊन तो एकेक बुडबुडा तरंगत्या पानाखाली सोडतो. काही तासांत या बुडबुड्यांचा चिवट, पांढुरका तरंगता थर तयार होतो. हेच फायटरचे घरटे. मादी जवळ नसतानाही निरोगी नर असे घरटे बांधतो. त्यामुळे बरणीत फेस दिसला एवढ्यावरून विणीची वेळ आली असे मानता येत नाही.

जोडीची निवड

विणीसाठी चार महिने ते एक वर्ष वयाची जोडी उत्तम. त्यानंतर नराची जननक्षमता कमी होत जाते. दुकानातले नर बहुधा पूर्ण वाढलेले असतात आणि त्यांचे वय कळत नाही. शक्य असेल तर जोडी वय माहीत असलेल्या हौशी पैदासकाराकडून घ्यावी. मादीचे पर आखूड असतात. पोटाखाली, मागच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसतो. हा अंडी बाहेर येण्याच्या नळीचा टोकाचा भाग. मादी तयार झाली की पोट भरलेले दिसते आणि अंगावर उभे फिकट पट्टे उमटतात. आडवे पट्टे मात्र भीतीचे किंवा ताणाचे लक्षण आहे. अशा मादीला नराजवळ सोडू नये. मादी नरापेक्षा किंचित लहान असली तर विळखा नीट बसतो.

नर आणि मादीला वेगळे ठेवून दहा-पंधरा दिवस भरपूर प्रथिनांचे खाद्य द्यावे. त्यासाठी डॅफ्निया, आर्टेमिया, गोठवलेले ब्लडवर्म आणि डासांच्या अळ्या चालतात. डासांच्या अळ्या फायटरला फार आवडतात, पण त्या मिळवण्यासाठी गच्चीत किंवा गॅलरीत उघडे पाणी साठवून ठेवू नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि एक दिवसाचे दुर्लक्षही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते.

विणीची टाकी आणि पिल्लांची शिदोरी

विणीसाठी ३० ते ४० लिटरची टाकी पुरते. पाणी मात्र १२ ते १५ सेंटिमीटरच ठेवावे. नराला पडलेले अंडे उचलून वर नेण्याचे अंतर त्यामुळे कमी होते. तळाशी वाळू किंवा खडे घालू नयेत, कारण अंडी त्यांच्या फटीत हरवतात. एका कोपऱ्यात जावा मॉसचा जाड झुबका किंवा दाट वनस्पती ठेवावी, म्हणजे मादीला लपायला जागा मिळते. पाण्याचे तापमान २७ ते २८ अंश असावे. मुंबई आणि कोकणात वर्षातला बराच काळ हे तापमान आपोआप मिळते. पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या थंडीत मात्र हिटर लागतोच. स्पंज फिल्टर असेल तर वीण होत असताना तो बंद ठेवावा. त्याच्या लाटांनी घरटे मोडते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढण्यासाठी पाणी एक दिवस उघडे ठेवावे किंवा अँटिक्लोरीनचे थेंब वापरावेत. शहरातले पाणी क्लोरामाइनने शुद्ध केलेले असेल तर ते नुसते उघडे ठेवून जात नाही. तिथे औषधच लागते.

देशी बदामाचे वाळलेले पान टाकीत तरंगू द्यावे. पान गळून तपकिरी झालेले असावे. ज्या झाडांवर कीटकनाशक फवारले जाते, तिथली पाने टाळावीत. पान धुऊन टाकीत सोडले की त्यातले टॅनिन पाण्यात उतरते, पाणी चहाच्या रंगाचे होते आणि आम्लता किंचित वाढते. खाचरातल्या पाण्याची ही जवळची नक्कल आहे. घरटे बांधायला नराला हे पान आधार म्हणून आवडते. पान नसेल तर बबल रॅपचा हातभर तुकडा पालथा तरंगवला तरी चालतो.

आता शिदोरी. पिल्ले पोहायला लागल्यावर त्यांच्या तोंडात मावेल इतका बारीक जिवंत घास पहिल्या दिवसापासून हवा. त्यासाठी जोडी एकत्र आणण्याआधी चार-पाच दिवस इन्फुसोरिया सुरू करावा. जुन्या मत्स्यालयाचे पाणी काचेच्या बरणीत घेऊन त्यात कोबीचे पान किंवा केळीच्या सालीचा छोटा तुकडा टाकतात आणि बरणी उजेडात ठेवतात. आधी पाणी गढूळ होऊन वास येतो. नंतर ते निवळते. उजेडात धरले की त्यात धुळीसारखे हलणारे सूक्ष्मजीव दिसतात. याच बरोबर मायक्रोवर्मचे कल्चर ओटच्या लापशीवर चिमूटभर यीस्ट घालून सुरू करावे. आर्टेमियाची अंडीही जवळ असावीत. यांपैकी काहीच तयार नसेल तर जोडी जुळवण्याचा बेत पुढे ढकलणे शहाणपणाचे.

जोडी जुळवणे

नराला आधी टाकीत सोडावे. मादीला एका पारदर्शक बरणीत ठेवून ती बरणी टाकीत उभी करावी. मादी दिसताच नर पर फुलवतो, कल्ल्यांची झाकणे पसरतो आणि घरट्याच्या कामाला लागतो. एक-दोन दिवसांत घरटे दाट झाले आणि मादीच्या अंगावर उभे पट्टे टिकून राहिले, की तिला मोकळे करावे. नर पाठलाग करतो, ढुसण्या देतो, तिच्या परांचे लचकेही तोडतो. थोडेसे फाटलेले पर भरून येतात. मादी सतत दडून बसली किंवा जखमा खोल झाल्या, तर तिला काढून आठवड्याने पुन्हा प्रयत्न करावा. एकाच टाकीत दोघांना लक्ष न देता दिवसभर सोडून बाहेर जाऊ नये.

विळखा

मादी तयार झाली की डोके खाली करून सावकाश घरट्याखाली येते. नर अंगाचा अर्धगोल करून तिला कवेत घेतो आणि तिला उलटी करत घट्ट विळखा घालतो. पहिले काही विळखे बहुधा रिकामेच जातात. नंतर विळखा सुटताच मादीच्या पोटातून साबुदाण्याच्या लहान कणांसारखी पांढरी अंडी बाहेर पडतात आणि पाण्यात सावकाश खाली जाऊ लागतात. त्याच क्षणी नराने त्यांना फलित केलेले असते. मादी काही सेकंद कुशीवर निपचित तरंगते. नर लगेच सावध होतो, खाली झेपावून एकेक अंडे तोंडात गोळा करतो, वर जातो आणि त्यांना बुडबुड्यांत बसवतो. काही माद्या शुद्धीवर आल्यावर अंडी उचलायला मदत करतात, तर काही ती खातात. हा क्रम दोन ते सहा तास चालू राहतो. एका विणीत शेकड्याने अंडी निघू शकतात.

मादीचे पोट उतरले, नर तिला हाकलून लावू लागला आणि नवीन विळखे थांबले, की वीण संपली. तेव्हा मादीला अलगद काढून बदामाच्या पानाच्या स्वच्छ पाण्यात एकटी ठेवावी आणि तिला भरपूर खायला द्यावे.

नराची राखण

पुढचे तीन-चार दिवस टाकी नराची. तो घरट्याखाली उभा राहून फुटलेले बुडबुडे भरतो, खाली सांडलेली अंडी परत वर ठेवतो आणि बुरशी लागलेली खाऊन टाकतो. या काळात त्याला खायला देऊ नये, दिले तर अगदी थोडे. रात्री मंद दिवा ठेवला तर अंधारात खाली पडलेली अंडी त्याला दिसतात. टाकीसमोर वारंवार हालचाल केली की घाबरलेला नर स्वतःची अंडी खाऊन टाकतो. पहिल्यांदाच बाप झालेल्या नराकडून हे जास्त घडते.

२७-२८ अंशांवर २४ ते ४८ तासांत अंडी फुटतात. पिल्ले शेपटी खाली करून स्वल्पविरामासारखी घरट्याला लोंबकळतात. त्यांच्या पोटाला अंड्यातील बलकाची पिशवी असते आणि तीच त्यांचे अन्न. पिल्लू निसटले तर नर त्याला तोंडात धरून परत वर सोडतो. दोन-तीन दिवसांनी बलक संपतो आणि पिल्ले आडवी पोहू लागतात. नराचे काम इथे संपते. त्याला काढून त्याच्या टाकीत ठेवून भरपूर खायला द्यावे. आता पुढची सगळी जबाबदारी माणसाची.

पहिले चार आठवडे

पोहणारी पिल्ले पहिले तीन-चार दिवस इन्फुसोरियावर आणि नंतर मायक्रोवर्मवर वाढतात. आठवड्याच्या आतबाहेर ती आर्टेमियाची नुकतीच जन्मलेली पिल्ले खाऊ शकतात. एक लिटर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम आयोडीन नसलेले जाडे मीठ घालून, सतत हवा सोडत आर्टेमियाची अंडी २८ अंशांवर ठेवली की साधारण एका दिवसात ती फुटतात. हवा बंद केल्यावर रिकामी टरफले वर तरंगतात. बरणीच्या तळाशी उजेड धरला की नारिंगी पिल्ले तिथे गोळा होतात. तिथून बारीक नळीने ती ओढून घ्यावीत, गाळणीत गोड्या पाण्याने धुवावीत आणि मग टाकीत घालावीत. गोड्या पाण्यात ती काही तासच जगतात. म्हणून थोडे-थोडे आणि दिवसातून तीन वेळा देणे योग्य. खाल्लेल्या पिल्लांची पोटे नारिंगी दिसतात. खाद्य पोहोचले आहे की नाही हे पाहण्याची यापेक्षा सोपी खूण नाही.

उकडलेल्या अंड्याचा बलक देण्याची जुनी पद्धत आहे, पण शिल्लक राहिलेला बलक टाकीत लगेच सडतो आणि अमोनिया वाढतो. जिवंत खाद्य मिळत असेल तर बलक टाळलेला बरा. पहिल्या आठवड्यानंतर तळाची घाण एअर पंपाच्या पातळ नळीने रोज ओढून घ्यावी आणि तेवढेच त्याच तापमानाचे पाणी थेंबाथेंबाने भरावे. स्पंज फिल्टर मंद गतीने सुरू करावा. पाण्याची पातळी हळूहळू वाढवावी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लांचा लॅबिरिंथ तयार होतो. तेव्हापासून ती हवेचे पहिले घोट घेऊ लागतात. टाकीवर झाकण नसेल तर पाण्यावरची हवा थंड राहते, आणि असा थंड घोट अनेक पिल्लांना मारतो. झाकणामुळे पाण्यावरची हवा उबदार आणि दमट राहते. याच वयात अंगावर बारीक सोनेरी धूळ चढवणारा ‘व्हेल्व्हेट’ हा परजीवी रोगही झपाट्याने पसरतो. टाकी स्वच्छ असेल आणि पिल्लांची गर्दी कमी असेल, तर त्याचा धोका बराच कमी होतो.

नरांची वेगळी घरे

सहा ते दहा आठवड्यांच्या दरम्यान नर एकमेकांसमोर पर फुलवू लागतात. फाटलेले पर दिसू लागले की नरांना एकेकटे ठेवावे. माद्या मोठ्या टाकीत एकत्र राहतात, पण त्यांच्यातही भांडखोर निघाली तर तिला वेगळे करावे लागते. एका विणीतून कित्येक डझन नर निघू शकतात. प्रत्येकाला निदान काही लिटर पाणी, उबदार जागा, रोजचे खाद्य आणि आठवड्यातून अनेकदा पाणी बदलणे लागते. दुकानातल्या चहाच्या कपाएवढ्या बरण्या ही विक्रीची तात्पुरती सोय आहे, माशाचे घर नव्हे. प्रौढ फायटरला १५ ते २० लिटरची, झाकणाची टाकी द्यावी. म्हणून किती नरांना जागा देता येईल, हे जोडी जुळवण्याआधीच ठरवावे. मोठ्या विणीतील सगळी पिल्ले वाढवण्याचा आग्रह धरू नये.

जास्तीचे मासे ओळखीच्या हौशी पाळणाऱ्यांना किंवा दुकानदाराला द्यावेत. तळ्यात, विहिरीत किंवा नाल्यात ते सोडू नयेत. परक्या माशांमुळे स्थानिक माशांचा तोल बिघडतो आणि त्यांच्यात रोगही पसरू शकतात.

रूप आणि आनुवंशिकता

फायटरची शेपटी आणि रंग पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवता येतात. ‘व्हेलटेल’ची शेपटी खाली झुकणारी, ‘हाफमून’ची फुललेली शेपटी १८० अंशांचे अर्धवर्तुळ करणारी, ‘क्राउनटेल’च्या शेपटीचे काटे कंगव्यासारखे बाहेर आलेले, तर ‘प्लाकाट’ आखूड परांचा, रानटी रूपाला जवळचा. ‘डबलटेल’ म्हणजे दुहेरी शेपटी हे अप्रभावी लक्षण आहे. डबलटेल मासा ते जनुक नसलेल्या एकेरी शेपटीच्या माशाशी जुळवला, तर पहिल्या पिढीची सगळी पिल्ले एकेरी शेपटीची पण ते जनुक वाहणारी निघतात. त्यांच्यातलीच जोडी जुळवली की साधारण चौथा हिस्सा पिल्ले डबलटेल होतात. ‘मार्बल’ प्रकारात तर एकाच माशाचे रंग आयुष्यभर बदलत राहतात. पांढऱ्या पिल्लाच्या अंगावर काही महिन्यांनी निळे डाग उमटतात आणि पुढे तेही सरकतात.

म्हणून प्रत्येक विणीची नोंद ठेवणे गरजेचे आहे. कोणती जोडी, कोणती तारीख, पिल्ले किती जगली, कोणत्या रूपाची निघाली, हे साध्या वहीत लिहावे. एकाच विणीतल्या भाऊ-बहिणींची जोडी पिढ्यान्‌पिढ्या जुळवत गेल्यास वंशात दुर्बलता येते. त्यामुळे काही पिढ्यांनंतर दुसऱ्या वंशाचा नवा मासा आणून रक्त बदलावे लागते. ही नोंद असेल तरच पुढच्या जोडीची निवड अंदाजावर न सोडता समजून-उमजून करता येते.

पुढील लेखांक : एंजल मासा आणि चिकटणारी अंडी