समुद्रात गरवायला जाताय? फोनची तयारी जेट्टीवरच करा

गेल्या डिसेंबरात मी मालवणला पहिल्यांदा समुद्रात गरवायला गेलो. (गरवणं म्हणजे गळ टाकून मासे पकडणं. कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी सांगून ठेवतो.) अख्खी होडी घेणं खिशाला परवडणारं नव्हतं, म्हणून शेअरिंगमध्ये एक सीट घेतली. आम्ही सहा जण, एकमेकांना अजिबात न ओळखणारे, आणि सोबत तांडेल काका व एक खलाशी. पहाटे साडेपाचला निघायचं, साडेदहाला परत. कणकवलीला मामाकडे उतरलो होतो, तिथे आईला तसं सांगून निघालो.

निघताना फोन ६० टक्के चार्ज होता. पुरेल की, असं वाटलं. दहाच्या सुमारास तो बंद पडला. त्याच वेळी मासे लागायला सुरुवात झाली होती, त्यामुळे सगळ्यांचं मत पडलं की अजून दोन तास थांबूया. मीही खुशीत मान डोलावली. जेट्टीवर परत आलो तेव्हा सव्वा वाजला होता आणि समोर मामा उभा होता. आईने वीसेक कॉल केले होते, प्रत्येक वेळी फोन बंद. मामा बाइक काढून मालवणला आला, जेट्टीवर चार जणांना विचारलं, पण कुठली होडी, कोण तांडेल, काहीच माहीत नाही. कारण मी काही सांगितलंच नव्हतं. पोलिसांकडे जायच्या बेतात असताना आमची होडी दिसली.

समुद्र शांत होता, होडीला काही झालं नव्हतं, मी मजेत होतो. तरी किनाऱ्यावर तीन तास घरच्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो फक्त माझ्या फोनच्या ढिसाळपणामुळे. म्हणून हा लेख. गळ कसा बांधायचा हे खलाशी शिकवतोच. फोनचं मात्र आपलं आपल्यालाच बघावं लागतं.

रेंज का जाते आणि बॅटरी का संपते?

"हय रेंज गावाची नाय," असं तांडेल काकांनी निघतानाच सांगितलं होतं. मला वाटलं, समोर तर किनारा दिसतोय, मग रेंज का नसेल?

मोबाइल टॉवरची लहर साधारण सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी गोल आहे. चाळीस मीटर उंच टॉवरवरून क्षितिज सुमारे २२ किलोमीटरवर असतं. हिशोबाने तिथवर, किंबहुना थोडं पुढेही, रेंज मिळायला हवी. पण टॉवरचे अँटेना गाव आणि रस्त्यांकडे तोंड करून, थोडे खाली झुकवून बसवलेले असतात. समुद्रात ग्राहक नसतात, तर कंपनी तिकडे सिग्नल कशाला फेकेल? शिवाय होडीत तुम्ही पाण्यापासून जेमतेम दीड-दोन मीटर उंचीवर बसलेले असता. त्यामुळे किनारा डोळ्यांना स्पष्ट दिसत असतो आणि फोनवर कधी एक दांडी, कधी काहीच नाही, असा खेळ चालतो.

बॅटरी खाते ती ही अर्धवट रेंज. सिग्नल कमजोर झाला की फोन पूर्ण ताकद लावून टॉवरशी बोलायला बघतो. सिग्नल गेला की पुन्हा पुन्हा शोधत राहतो. खिशात नुसता पडलेला फोनही अशाने गरम होतो. त्यात मी सूर्योदयाचे व्हिडिओ काढत होतो, ब्राइटनेस फुल. साठ टक्के कुठे गेले हे वेगळं सांगायला नको.

उपाय सोपा आहे. किनारा सोडला की एअरप्लेन मोड लावा. दर तासाला दोन-तीन मिनिटं तो काढा, मेसेज आलाय का बघा, एखादा पाठवून बघा, परत लावा. पुढच्या वेळी मी हेच केलं आणि दुपारी परतताना फोनमध्ये निम्म्याहून जास्त चार्ज होता. पॉवर बँक न्याच, पण ती आणि केबल प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत. खाऱ्या हाताने केबल लावू नका.

जीपीएसला नेट लागत नाही

हा गैरसमज माझ्या मित्रांमध्ये अजूनही आहे, म्हणून जरा सविस्तर. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत वेळ व स्वतःची जागा सांगत राहतात. फोन फक्त ऐकतो. रेडिओ ऐकायला जसं नेट लागत नाही, तसंच हे. चार उपग्रह ऐकू आले की फोन आपली जागा काढतो. बहुतेक नव्या फोनमध्ये एअरप्लेन मोडवरही हे चालतं. आपल्या फोनमध्ये चालतं का, ते घराच्या गच्चीवर आधीच तपासा.

नेटचा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे नकाशाचं चित्र. ते आधी डाउनलोड केलं नसेल तर कोऱ्या पडद्यावर नुसता निळा ठिपका दिसेल. गुगल मॅप्समध्ये मालवण ते देवबागचा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. दुसरं, कुठला उपग्रह आत्ता कुठे आहे ही ताजी यादी फोन नेटवरून झटकन मागवतो. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून हळूहळू ऐकावी लागते, म्हणून पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागू शकतात. तेव्हा जेट्टीवर रेंज असतानाच एकदा नकाशा उघडून निळा ठिपका पक्का होऊ द्या. मिळालेली माहिती पुढे काही तास उपयोगी पडते.

एक लक्षात ठेवा, गुगल मॅप्सवर समुद्र म्हणजे नुसता निळा रंग. खडक, खोली, काही कळत नाही. मालवणच्या समुद्रात खडक भरपूर आहेत आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतो. कुठे जायचं आणि कुठे गळ टाकायचा नाही, हे तांडेलच ठरवणार. फोन हातात धरून त्याला रस्ता दाखवायला जाऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला नंतर कळली. अडचणीत सापडून जागा सांगायची वेळ आलीच तर आकडे नीट सांगता यायला हवेत. फोन बहुधा १६.०५ असं दशांशात दाखवतो. दर्यावर मात्र अंश आणि मिनिटांत बोलतात. १६.०५ अंश म्हणजे १६ अंश ३ मिनिटं. ऐकणाऱ्याने ते १६ अंश ५ मिनिटं असं लिहून घेतलं तर फरक दोन मिनिटांचा, म्हणजे दोन सागरी मैल, म्हणजे जवळपास पावणेचार किलोमीटर! शोधायला आलेली बोट भलतीकडेच फिरत राहील. म्हणून सांगताना "सोळा दशांश शून्य पाच अंश" असं पूर्ण म्हणा.

नंबर कोणते?

तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि सगळ्यांसाठीचा ११२. तिन्ही निघण्याआधी सेव्ह करा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची असेल तर ११२ लागू शकतो, त्यामुळे 'नो सर्व्हिस' बघून प्रयत्न सोडू नका. त्याआधी एअरप्लेन मोड काढायला विसरू नका.

आयफोनवरून उपग्रहामार्फत मदत मागायची सोय व्हिडिओंमध्ये पाहिली असेल. हे लिहीपर्यंत ती भारतात चालू नाही. परदेशातून आणलेले सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर परवान्याशिवाय वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे, तो प्रयोग नको. होडीवर व्हीएचएफ वायरलेस किंवा मच्छीमारांना दिला जाणारा ट्रान्सपाँडर आहे का, हे तांडेलला सरळ विचारा. विचारल्याचा कुणाला राग येत नाही. लाइफ जॅकेट मागितल्याचाही येत नाही.

घरी काय पाठवायचं

माझी चूक इथेच झाली होती. आता मी निघण्याआधी चार गोष्टी एकाच मेसेजमध्ये घरी पाठवतो: होडीच्या पुढच्या बाजूला रंगवलेल्या नाव-नंबरचा फोटो, तांडेलचा किंवा होडी मालकाचा मोबाइल नंबर, कुठल्या जेट्टीवरून निघतोय ते, आणि परतायची वेळ. वेळ सांगताना दोन वेळा सांगतो. "साडेदहाला येईन, मासे लागले तर एकपर्यंत. एकनंतर या नंबरवर फोन कर." आईला हे पटलं. शेअरिंगच्या होडीत परतायची वेळ तुमच्या एकट्याच्या हातात नसते, सहा जणांचा मूड असतो, त्यामुळे ही दुसरी वेळ लागतेच.

व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन ८ तासांसाठी लावता येतं, पण रेंज गेली की ते शेवटच्या जागेवर थांबतं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. नाहीतर समुद्राच्या मधोमध अडकलेला ठिपका बघून त्यांना उलट जास्त भीती वाटेल.

हवामान बघताना

फक्त ऊन-पाऊस बघून चालत नाही. हवामान खात्याचं 'मौसम' अॅप आहे, शिवाय खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशाराही बघा. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज देते. 'विंडी' अॅपही छान आहे. वारा नॉटमध्ये असतो. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. लाटेच्या उंचीसोबत दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत दिलेलं असतं, तेही बघा. पंधरा-सोळा सेकंदांच्या लाटा लांबून, पार दक्षिणेकडच्या महासागरातून आलेल्या असतात. इथे वाराच नसला तरी त्या किनाऱ्याजवळ आणि खाडीच्या तोंडाशी जोरात फुटतात.

शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो ना? ते इथे कामाला येतात. पहाटे जमिनीकडून वारा असतो, पाणी सपाट. दुपारी खारा वारा सुटला की होडी नाचायला लागते. म्हणून पहिल्या खेपेला पहाटेचीच ट्रिप घ्या, झोपेचा मोह सोडा.

भरती-ओहोटीसाठीही अॅप आहेत, पण मुंबईकडचा जुना हिशोब अॅपशिवाय चालतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर सरकते, म्हणून मालवणला ती मुंबईच्या आधी येते. तांडेल काकांना मी अॅप दाखवलं तेव्हा ते नुसते हसले.

आणि हो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. त्या काळात कुणी "चला, सोडतो" म्हणालं तर जाऊ नका.

होडीत बसल्यावर

फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये, पाउच गळ्यात. पाउच नवा असेल तर आधी घरी त्यात टिश्यू पेपर घालून तासभर बादलीत बुडवून ठेवा. माझ्या पहिल्या पाउचमधला पेपर ओला निघाला होता. आयपी ६८ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, ती चाचणी गोड्या पाण्यात होते. मीठ चार्जिंगच्या भोकात बसलं की गंज चढतो, आणि पाण्याने बिघडलेला फोन बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. ओल्या पडद्यावर बोट नीट चालत नाही, कारण खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं आणि पडद्याला ते बोटासारखं वाटतं. पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर पडदा एका कोनातून काळा दिसेल. फोन बिघडलेला नाही, आडवा करून बघा. मी गॉगल काढायच्या आधीच घाबरून फोन दोनदा रीस्टार्ट केला होता.

होडी नांगरली की फोनकडे टक लावून बघू नका. कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हलतोय, डोळे म्हणतात पडदा स्थिर आहे, आणि या भांडणात पोट उलटतं. आमच्यातला एक जण रील एडिट करत बसला होता, पंधरा मिनिटांत कडेला वाकला. क्षितिजाकडे बघत राहा. होडी लागते हे माहीत असेल तर गोळी डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारून निघण्याआधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

शेअरिंगमध्ये दोन-तीन गोष्टी आधीच बोलून घ्या: मासे कुणाचे, गळ-आमिष पैशांत धरलंय का, आणि पैसे कधी द्यायचे. यूपीआयने द्यायचे असतील तर रेंज असताना जेट्टीवरच द्या. स्पीकरवर गाणी नकोत. आपली दोरी शेजाऱ्याच्या दोरीत गुंतली तर ओढू नका, खलाशाला हाक मारा. मी फोटो काढण्याच्या नादात दोरी सैल सोडली आणि तीन जणांच्या दोऱ्यांची जाळी करून टाकली. "मोबाईल खिशात ठेव मेल्या, दोरी हातात धर," हे ऐकून घ्यावं लागलं. गळाला शिंगाळा लागला तर फोटोसाठी हातात घेऊ नका. त्याचे काटे विषारी असतात, ते खलाशालाच काढू द्या.

परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने फोन पुसा, चार्जिंगचं भोक खाली करून वाळू द्या आणि ओलाव्याची सूचना दिसत असेल तर केबल लावू नका. तांदळात पुरणं तर नकोच, त्याची पूड आत जाते.

दुसऱ्या खेपेला मला दोन राणे आणि एक बऱ्यापैकी गोबरा मिळाला. जेट्टीच्या जरा अलीकडे रेंज आली तसा आईला मेसेज टाकला. तिचं उत्तर आलं, "मासे साफ करूनच आण."