मनातला हेतू कागदावर कसा दिसतो? स्टुडंट व्हिसा आणि सिग्नलिंगची थिअरी

ऑस्ट्रेलियाच्या स्टुडंट व्हिसाच्या अर्जात बहुतेक गोष्टी दाखवता येतात. पासपोर्ट दाखवता येतो, आयईएलटीएसचे बँड दाखवता येतात, फी भरल्याची पावती दाखवता येते. पण 'तुम्ही खरंच शिकायला चाललाय का?' याचं उत्तर कुठल्या कागदावर असतं? हेतू ही मनातली गोष्ट. तरी समोरच्या ऑफिसरला त्यावर निर्णय द्यावाच लागतो, आणि त्या निर्णयावर तुमचं एक वर्ष आणि घरच्यांनी काढलेलं लोन टांगलेलं असतं. नुसती अर्जाची फी बघा. जून २०२४ पर्यंत ती ७१० ऑस्ट्रेलियन डॉलर होती, १ जुलै २०२४ ला १६०० झाली आणि १ जुलै २०२५ पासून २०००. नकार आला म्हणून ती परत मिळत नाही.

नमुना एसओपी मी इथे देणार नाहीये, ते पैशाला पासरी मिळतात. त्याऐवजी ऑफिसरच्या खुर्चीत बसून हा प्रश्न कसा दिसतो ते बघू. त्यावर बरंच संशोधन उपयोगी पडतं, आणि ते कळलं की काय लिहायचं हे अर्ध्याहून जास्त आपोआप सुटतं.

आधी प्रश्न नीट वाचायला हवा, कारण तो बदललाय. २०११ पासून मार्च २०२४ पर्यंत ऑस्ट्रेलियाची अट होती 'जेन्युइन टेम्पररी एंट्रंट', म्हणजे जीटीई. त्यात मुद्दा होता की तुम्ही तात्पुरतेच राहणार ना? म्हणून प्रत्येक एसओपीचा शेवटचा परिच्छेद ठरलेला असायचा: आई-वडील, वडिलोपार्जित शेती, मातृभूमीची सेवा, मी परत येणारच. २३ मार्च २०२४ किंवा त्यानंतर केलेल्या अर्जांना 'जेन्युइन स्टुडंट', म्हणजे जीएस ही अट लागते. यातला मुद्दा आहे, तुम्ही खरे विद्यार्थी आहात का? शिकून झाल्यावर तिथे लागणारी कौशल्यं अंगी आली आणि पुढे कुणी कायम राहण्यासाठी अर्ज केला, तर अशांना बाहेर ठेवणं हा या अटीचा उद्देश नाही, असं तिथल्या गृहखात्यानेच सांगितलंय. तरीही 'मी परत येणारच' वाला परिच्छेद अजून चिकटवला जातो. परीक्षेत गेल्या वर्षीच्या पेपरची उत्तरं लिहून यावीत तसा प्रकार आहे हा.

एक सावधगिरी मात्र. अमेरिकेत जुनाच प्रश्न कायम आहे. तिथल्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४(ब) सांगतं की अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं आधी गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. त्यामुळे बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये तुमच्या मैत्रिणीला जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या फॉर्मात जसंच्या तसं चालेल असं समजू नका. आणि उलटही करू नका!

आता ऑफिसरची अडचण. माणसाकडे बघून तो खरं बोलतोय का खोटं, हे आपल्याला कितपत कळतं? चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये या विषयावरचे जुने प्रयोग एकत्र करून पाहिले. परीक्षक म्हणून भाग घेतलेल्यांची संख्या २४ हजारांच्या वर. सरासरी अचूकता आली ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. म्हणजे 'मला बघितल्यावर त्यांना कळेलच' या भरवशात फारसा दम नाही. आणि ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत तर बहुतेकांना कुणी बघतही नाही, निर्णय कागदांवरूनच होतो.

यात अजून एक गणित दडलंय, ते नक्की करून बघा. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. समजा १००० अर्ज आले, त्यातले ९०० खरे विद्यार्थी आणि १०० जण शिक्षणाच्या नावाखाली दुसऱ्याच कामाला निघालेले. ऑफिसर चांगलाच हुशार आहे, ८० टक्के वेळा बरोबर ओळखतो. मग १०० पैकी ८० खोटे पकडले जातील. पण ९०० खऱ्यांपैकी २० टक्के, म्हणजे १८० जणांवरही फुली पडेल. एकूण नकार २६०, त्यातले १८० खरे विद्यार्थी! संख्याशास्त्रात याला बेस रेटचा परिणाम म्हणतात, दुर्मिळ आजाराच्या टेस्टमध्ये जे होतं तेच. चांगल्या मुलांना नकार का येतो, याचं हे एक साधं कारण आहे. त्यात दरवेळी कुणाचा आकस असतोच असं नाही. म्हणूनच 'मी खरा आहे' एवढं पुरत नाही. खोट्या अर्जापेक्षा आपला अर्ज वेगळा दिसला पाहिजे.

वेगळा कसा दिसेल? इथे मायकेल स्पेन्स यांची १९७३ ची कल्पना कामाला येते. (पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.) त्यांचा प्रश्न नोकरीचा होता: उमेदवाराची कुवत मालकाला दिसत नाही, मग तो कशावर विश्वास ठेवतो? उत्तर असं की, जी खूण खऱ्याला परवडते आणि खोट्याला महाग पडते, तिच्यावर. आम्हा जीवशास्त्रवाल्यांना हे मोराच्या पिसाऱ्यावरून शिकवतात. एवढं ओझं वागवूनही मोर जिवंत आहे, म्हणजे तो धडधाकट असणार. हा विचार अमोत्झ झहावी यांनी १९७५ मध्ये मांडला. त्यावर वाद पुष्कळ झाले, पण इथे समजून घ्यायला तो छान आहे.

आता याच चष्म्यातून एसओपीकडे बघा. 'ऑस्ट्रेलियातलं जागतिक दर्जाचं शिक्षण आणि बहुसांस्कृतिक वातावरण मला नेहमीच खुणावत होतं' हे वाक्य लिहायला खऱ्याला जेवढे कष्ट, तेवढेच खोट्याला. आता तर एआय दोघांनाही ते दहा सेकंदांत लिहून देतं. दोघांना सारखाच खर्च, म्हणजे सिग्नल शून्य. वाक्य खोटं असतं असं नाही, त्यातून काही कळत नाही एवढंच. गृहखात्याच्या सूचनेतही हेच आहे: पुराव्याशिवायच्या सर्वसाधारण विधानांना फारसं वजन दिलं जात नाही.

जीएसमध्ये लांबलचक एसओपीची जागा प्रश्नांनी घेतलीये. सध्याची परिस्थिती (घर, समाज, नोकरी, आर्थिक बाजू). हाच कोर्स, ऑस्ट्रेलियात, याच संस्थेत का, आणि तो कोर्स व तिथलं राहणं तुम्हाला कितपत माहीत आहे. त्याचा पुढे उपयोग काय. आणि आणखी काही सांगायचं असेल तर. प्रत्येकाला जास्तीत जास्त १५० शब्द, इंग्रजीत. (आधी स्टुडंट व्हिसा घेतलेल्यांना आणि तिथूनच दुसऱ्या व्हिसावरून अर्ज करणाऱ्यांना एक जादा प्रश्न असतो.) १५० शब्दांत 'नेहमीच खुणावत होतं'ला जागा नाही, आणि मला वाटतं ही फार बरी गोष्ट झाली.

समजा सांगलीकडची एक मुलगी. बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी, मग साखर कारखान्याच्या लॅबमध्ये दोन वर्षं नोकरी, आता फूड सायन्समध्ये मास्टर्स करायचंय. तिने लिहावं की लॅबमध्ये कुठल्या टेस्ट करते, कुठे अडते, कोर्समधले कुठले दोन विषय नेमके त्या अडचणीशी जोडलेले आहेत, आणि तसा कोर्स इथे मिळत असताना तिथला का निवडला. शेवटचा भाग बहुतेक जण टाळतात, कारण उत्तर देण्यासाठी इथले कोर्सेस खरोखर बघावे लागतात. बघणं हीच ती महाग खूण! सोबत पगाराच्या स्लिपा, अनुभवाचं पत्र, आणि रिसर्चचा कोर्स असेल तर प्राध्यापकाशी झालेला ईमेल. यातली एकेक गोष्ट बनवता येईलही. पण तीन वर्षांच्या तारखा, पगार, मार्क आणि विषय सगळे एकमेकांशी जुळवून बनवणं अवघड. ऑफिसर हे जुळणंच तपासतो. त्याच्या निर्देशातही मुद्दे एकेक करून टिकमार्क करायचे नाहीत, सगळं चित्र एकत्र बघायचं, असंच म्हटलंय.

याउलट एमएस्सी झालेल्याने अचानक 'लीडरशिप'च्या डिप्लोमाला जाणं. बेकायदेशीर नाही, पण खालच्या पातळीवर का उतरताय याचं उत्तर द्यावं लागणार. तो कोर्स तुमच्या विषयापेक्षा एजंटच्या कमिशनला जास्त शोभत असेल, तर फाइल वाचणाऱ्याला तो वास येतोच. शिक्षणातल्या गॅपचंही तसंच. आईच्या आजारपणात घरी होतात, एमपीएससीचे दोन प्रयत्न केलेत, तर तसं लिहा आणि हॉल तिकीट जोडा. रिकामी जागा जास्त संशयास्पद असते.

पैशाचा भाग वेगळा तपासला जातो. १० मे २०२४ पासून एका विद्यार्थ्यासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर धरलाय. त्याशिवाय कोर्सची फी आणि प्रवास. आपल्याकडे इथे एक घोळ होतो. सातबारा आणि सीएचं व्हॅल्युएशन जोडलं की पैसे दाखवले, असं घरच्यांना वाटतं. जमीन म्हणजे हातातले पैसे नव्हेत. ती बँकेकडे तारण ठेवून लोन मंजूर झालं असेल, तर ते मंजुरीपत्र चालतं. सातबारा पहिल्या प्रश्नात, घरची परिस्थिती सांगताना, उपयोगी पडू शकतो. इंग्रजी भाषांतर करून जोडा. आणि खात्यात आठवडाभर कुणाचे तरी पैसे फिरवून दाखवण्याची जी 'सोय' सुचवली जाते, ती घेऊ नका. मोठी रक्कम खरोखरच अचानक आली असेल, एफडी मोडली, प्लॉट विकला, तर त्याचा कागद लावा.

कारण खोट्या कागदाची किंमत नुसत्या नकारापेक्षा मोठी आहे. ऑस्ट्रेलियात बनावट कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती सापडली तर पुढची तीन वर्षं व्हिसा नाकारला जाऊ शकतो, आणि ओळखीबद्दलच खोटं असेल तर दहा. अमेरिकेत महत्त्वाच्या बाबतीत मुद्दाम खोटं बोलल्याचं ठरलं तर तो शिक्का कायमचा असू शकतो. कागद एजंटने बनवला, मला माहीत नव्हतं, हे म्हणणं फारसं तारत नाही. अर्ज तुमच्या नावावर असतो. म्हणून सबमिट करण्याआधी पूर्ण पीडीएफ मागून घ्या आणि ओळन् ओळ वाचा. एजंट द्यायला कां-कूं करत असेल तर एजंट बदला.

भारतातून केलेल्या अर्जाला ऑस्ट्रेलियाने नकार दिला, तर विद्यार्थ्याला सहसा ट्रिब्युनलकडे जाता येत नाही. नवा अर्ज, नवी फी. तेव्हा नकाराच्या पत्रातली कारणं शांतपणे वाचा आणि त्याच मुद्द्यांवर नवे कागद गोळा करा. तोच अर्ज पुन्हा पाठवून काही होत नाही. आधी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो फॉर्ममध्ये सांगावाच लागतो. कधी नाकारला, का नाकारला आणि त्यानंतर काय बदललं, एवढं शेवटच्या प्रश्नाच्या १५० शब्दांत आरामात बसतं.