गावातील रस्ता आणि वाहनांचा वेग

रस्ता झाला की गावाचे अनेक प्रश्न सुटतात. शेतमाल वेळेवर बाजारात पोहोचतो, रुग्णाला दवाखान्यात नेणे सुलभ होते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली आणि पुढे अनेक वाड्या-वस्त्या बारमाही रस्त्यांनी जोडल्या गेल्या. मात्र डांबरी रस्त्याबरोबर वेगही गावात शिरला. शाळा व एस.टी.चा थांबा रस्त्यालगतच असेल, तर हा वेग जीवघेणा ठरतो.

वेगाचे गणित

ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे ८ मीटर जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाचे सुमारे १७ मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच हे अंतर सरून जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. म्हणूनच पादचारी व वाहने एकत्र वावरतात, तेथे वेग ताशी ३० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

गतिरोधक कसा असावा?

अपघात घडला की काही ठिकाणी रातोरात मुरमाचा किंवा काँक्रीटचा उंचवटा घातला जातो. त्यामागील कळकळ खरी असली, तरी हा उपाय नवे संकट ओढवतो. अरुंद, उंच व रंग न दिलेला उंचवटा रात्री दिसत नाही. दुचाकीस्वार उसळून पडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ताशी २५ किलोमीटर वेगासाठी ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच, गोलाकार माथ्याचा गतिरोधक सुचविला होता. त्यावर ठळक पट्टे आणि अलीकडे ४० मीटरवर सूचनाफलक असावा, असेही त्यात नमूद होते. २०१८ च्या सुधारित आवृत्तीत वेग कमी करण्याच्या अन्य उपायांचाही विचार करण्यात आला.

कारण केवळ गतिरोधक पुरेसा नाही. आपण वस्तीत शिरत आहोत, हे चालकाला वेशीवरच जाणवले पाहिजे. गावाच्या नावाचा फलक, वेगमर्यादेची पाटी, चाकांखाली खडखडणारे आडवे पट्टे आणि शाळेपुढील पादचारी पट्टे यांनी ते साधते.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

प्रथम रस्ता कोणाच्या अखत्यारीत आहे, हे पाहावे. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. मुले कोठे व केव्हा रस्ता ओलांडतात, याची नोंद शिक्षकांनी करून द्यावी. ती जोडून ग्रामसभेचा ठराव संबंधित अभियंत्याकडे पाठवावा आणि त्याचा पाठपुरावा करावा. रस्त्यावर सरकलेले ओटे व टपऱ्या मागे घेणे मात्र गावाच्याच हाती आहे. पादचाऱ्यांना कडेने चालण्यास जागा उरली, तरच या उपायांना अर्थ राहील.