कामवासनेचा मोह आणि ख्रिस्ती साधना
लेखांक ६ : पळ काढण्याची शिकवण

मोह होणे आणि पाप घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मागील लेखांकात स्पष्ट केले होते. स्वतः येशूचीही अरण्यात परीक्षा झाली असे शुभवर्तमाने सांगतात. तेव्हा मनात इच्छा डोकावली एवढ्यावरून माणूस दोषी ठरत नाही, दोष लागतो तो त्या इच्छेला होकार दिल्यावर. संत ऑगस्टीन (इ. स. ३५४–४३०) याने या वाटचालीचे तीन टप्पे सांगितले आहेत : सूचना, म्हणजे डोळ्यांनी किंवा आठवणीने मनापुढे आणून ठेवलेले चित्र, रस, म्हणजे त्या चित्रात मनाचे रमणे, आणि संमती, म्हणजे संधी मिळाली तर ते करायचेच, असा आतल्या आत झालेला निश्चय. परस्त्रीकडे कामेच्छेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात बजावले, ते ऑगस्टीनच्या मते या संमतीला उद्देशून आहे, सहज गेलेल्या नजरेला उद्देशून नव्हे. हा भेद ठाऊक नसल्याने अनेक श्रद्धावान तरुण पहिल्याच टप्प्यावर स्वतःला पापी ठरवून मोकळे होतात, आणि पापी ठरलोच आहोत तर मागे फिरून तरी काय मिळणार, असा उलटा हिशेब मांडतात.

इतर अनेक संकटांच्या बाबतीत नवा करार श्रद्धावंताला खंबीर उभे राहायला सांगतो. जारकर्माच्या, म्हणजे विवाहाबाहेरील शरीरसंबंधाच्या बाबतीत मात्र संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात सरळ पळून जायला सांगतो. करिंथ हे दोन बंदरांच्या मधले व्यापारी शहर होते, तेथे खलाशी, दलाल आणि घरापासून दूर असलेल्या पुरुषांची सतत ये-जा असे, आणि अशा शहरातील मंडळीला पौलाने निग्रहाची परीक्षा पाहत बसण्याचा सल्ला दिला नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ पोटीफरच्या पत्नीच्या हाती आपले वस्त्र सोडून घराबाहेर धावतो, तेव्हा तो वादविवाद करीत नाही. नकाराची कारणे त्याने आधीच, शांतपणे, अनेक दिवस सांगितलेली असतात. चौथ्या शतकातील इव्हाग्रियस हा कॉन्स्टँटिनोपल येथील नावाजलेला धर्मोपदेशक एका विवाहितेच्या प्रेमात गुंतला, तेव्हा ते शहरच सोडून तो यरुशलेमला आणि तेथून इजिप्तच्या वाळवंटात गेला, असे त्याचा शिष्य पॅलेडियस याने नोंदवले आहे. पुढे याच इव्हाग्रियसने साधकाला सतावणाऱ्या आठ विचारांचे विवेचन केले आणि त्या प्रत्येकाला उत्तर म्हणून म्हणायची पवित्र शास्त्रातील वचने एकत्र केली. मात्र वाळवंटातही विचार पाठ सोडत नाहीत, हे त्याच्याइतके बारकाईने क्वचितच कोणी लिहिले असेल. शहर सोडल्याने मन शुद्ध होत नाही, मन शुद्ध करण्याला सवड मिळते.

दावीद राजाची कथा याच्या नेमकी उलट आहे. सैन्य लढाईवर गेलेले असताना राजा यरुशलेमेत मागे राहतो, संध्याकाळी गच्चीवर फिरतो, स्नान करणारी बथशेबा त्याच्या नजरेस पडते, तो तिची चौकशी करतो, ती उरीयाची पत्नी आहे हे कळल्यावरही माणसे पाठवून तिला आणवतो, आणि अखेर उरीयाचा बळी जातो. या साखळीतील प्रत्येक कडीपाशी थांबणे शक्य होते, आणि पहिल्या कडीपाशी ते सर्वांत सोपे होते. प्रवचनांतून या कथेचा दोष हळूच बथशेबेच्या पदरात टाकण्याची खोड मात्र जुनी आहे. मूळ कथेत नाथान संदेष्टा गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताचा दाखला देऊन दावीदालाच अपराधी ठरवतो, बथशेबेला एका शब्दानेही बोल लावत नाही. मोहाचा प्रतिकार हे पाहणाऱ्याचे काम आहे, दिसणाऱ्याचे नव्हे. १८९६–९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणि स्त्रियांना केडगावला आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनी, समाजाने ‘पतित’ म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांसाठी तेथे कृपासदन चालवले, त्यामागे हीच जाण होती.

आता प्रश्न असा की ज्या मोहाची गच्ची खिशातच असते, त्यापासून पळायचे कसे. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजार समितीत उन्हाळ कांद्याची आवक वाढली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि सकाळच्या लिलावासाठी कित्येक जण रात्र ट्रॉलीपाशीच काढतात. खळ्यांवर कांदा निवडणारे आणि गोण्या भरणारे मजूर, परराज्यात माल नेणारे ट्रकचालक, हे तर महिनोन्‌महिने घराबाहेर असतात. रात्री अकराच्या सुमारास चादर डोक्यावरून ओढून घेतलेली असते, पडद्याचा उजेड कमी केलेला असतो, आधी क्रिकेटची क्षणचित्रे, मग रील्स, मग त्यांच्याच शेजारी आपोआप येणारे काहीतरी, आणि बोट क्षणभर थबकते. ऑगस्टीनचे तीनही टप्पे दहा मिनिटांत पार होतात. या क्षणी निग्रहाला हाक मारणे म्हणजे विहिरीत पडल्यावर पोहणे शिकण्यासारखे आहे. ईयोबाच्या पुस्तकात ईयोब आपल्या डोळ्यांशी आधीच करार केल्याचे सांगतो, आणि हे ‘आधीच’ महत्त्वाचे आहे : रात्री फोन सोबत्याकडे चार्जिंगला ठेवणे, मुक्कामी असताना साधा बटणांचा फोन वापरणे, एकट्याने न झोपता चौघांत झोपणे, झोपण्यापूर्वी घरी बोलून स्तोत्र म्हणणे. अशा व्यवस्था दिसायला क्षुल्लक असतात, आणि त्यांचा बडेजाव मिरवता येत नाही म्हणूनच त्या टाळल्या जातात.

दांपत्याच्या दुराव्याविषयीही पौल स्पष्ट आहे. पतिपत्नींनी प्रार्थनेसाठी, परस्परांच्या संमतीने, काही काळच वेगळे राहावे आणि पुन्हा एकत्र यावे, असे तो करिंथकरांस लिहिलेल्या त्याच पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात सांगतो. रोजगारासाठी वर्षातील आठ महिने दूर राहणाऱ्या नवऱ्याच्या संयमाची चर्चा करताना मंडळीने त्याच्या मुक्कामाची, सुट्टीची आणि बायकोच्या मताचीही चर्चा करायला हवी; नुसता उपदेश येथे अपुरा पडतो.

दीर्घ दुराव्याचे नाशिक परिसराशी जोडलेले उदाहरण म्हणजे कवी नारायण वामन टिळक आणि नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई. टिळकांनी फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते ३३ वर्षांचे होते; लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाने वेगळ्या राहिल्या. १८६६च्या कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने सहवास नाकारला तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला न्यायालयात दाद मागता येत होती, आणि न्यायालयाने दिलेली वर्षाची मुदत उलटूनही नकार कायम राहिल्यास विवाह मोडून पुनर्विवाह करता येत होता. पौलानेही अविश्वासी जोडीदार सोडून गेल्यास श्रद्धावंताला बंधनमुक्त मानले आहे. म्हणजे कायदा आणि शास्त्र या दोन्हींकडून टिळकांना वाट मोकळी होती. त्यांनी ती वापरली नाही; चार-पाच वर्षे पत्नीची वाट पाहिली, दोघांचा संसार पुन्हा सुरू झाला आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातील टिळक तापट, लहरी आणि घरातले देऊन टाकणारे आहेत, संतपदाला पोचलेले नाहीत, आणि म्हणूनच हे उदाहरण सामान्य गृहस्थाला लागू पडते. त्या वर्षांचा अधिक जड भार मात्र लक्ष्मीबाईंनी उचलला, हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

एवढे करूनही मोह संपतो, असे परंपरा म्हणत नाही. इ. स. ३८६मध्ये मिलान येथे मनःपरिवर्तन झालेला ऑगस्टीन, बिशप झाल्यानंतर लिहिलेल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात कबूल करतो की जुनी चित्रे झोपेत अजूनही येतात. (ज्या स्त्रीबरोबर तो अनेक वर्षे राहिला आणि जी त्याच्या मुलाची आई होती, तिचे नाव त्या पुस्तकात कोठेही नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाला लागलेले गालबोटच होय.) पाय घसरलाच तर कॅथलिक श्रद्धावंतासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे, ज्यात धर्मगुरूने ऐकलेले कोठेही उघड न करण्याचे त्याच्यावर कडक बंधन असते, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याकोबाच्या पत्रातील सूचनेनुसार एकमेकांजवळ पापे कबूल करण्याची रीत आहे. लासलगावसारख्या, सगळे सगळ्यांना ओळखणाऱ्या गावात ही दुसरी रीत अवघड जाते, कारण सकाळी कबूल केलेले संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचण्याची भीती खोटी नसते. अशा वेळी निफाड किंवा नाशिकच्या मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्या, तोंडाने पक्क्या माणसाकडे जाणे बरे. पापनिवेदनाच्या या दोन्ही पद्धती, त्यांचा इतिहास आणि त्यांतील धोके यांचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.